अळीचा जीव, माशाची रोजी

काचेच्या पेटीत मासे पाळणारे आम्ही लोक त्यांच्यासाठी घरीच डासांच्या अळ्या धरतो. गॅलरीतल्या बादलीत पाणी साठवायचं, चार-पाच दिवसांनी वळवळणाऱ्या अळ्या चहाच्या गाळणीने गाळायच्या आणि माशांना घालायच्या. अळी श्वास घ्यायला वर येते, म्हणून सहज सापडते. गप्पी मासा तर तिच्यावर तुटून पडतो. वर्गातली मुलं मात्र विचारतात, "सर, अळीला जीव नसतो का?"

असतो. ज्याने मासा घडवला त्यानेच अळीही घडवली. कुरआनात मच्छराचाही दाखला आला आहे. मग आमच्या शौकासाठी एका जिवाने दुसऱ्याच्या तोंडी का जावं?

कोणी म्हणेल, दुकानातलं कोरडं खाद्य घाला. पण त्या दाण्यांतही बहुधा सुक्या मासळीची पूड असते. जीव तिथेही गेलेलाच असतो, फक्त आमच्या डोळ्यांआड.

आम्हाला खरा प्रश्न वेगळा वाटतो. नदीतला मासा आपली रोजी आपण शोधतो. पेटीत घालून ती वाट आम्हीच बंद केली. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस सर्वांना ठाऊक आहे. तिने मांजराला खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळंही सोडलं नाही. म्हणजे किडा हे मांजराचं अन्न, हे तिथे गृहीतच आहे. ज्याला कोंडलं त्याची रोजी आमच्या जिम्मे आली. तेव्हा अळी खाऊ घालणं जुलूम नाही. गरजेपेक्षा जास्त धरून तिला गाळणीत तडफडत ठेवणं हा जुलूम आहे.

पण या हिशेबात तिसराही आहे, तो शेजारी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अळीचा स्वल्पविरामासारखा कोष झाला की दोनेक दिवसच उरतात. मादी भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते आणि ती सुकली तरी कित्येक महिने टिकतात. बादलीतून सुटलेला एक डास शेजारच्या पाळण्यापर्यंत जातो. त्या लेकराला आमच्या शौकाबद्दल कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून कोष होण्याआधी बादली रिकामी करून घासायची, एवढी दक्षता ज्याच्याकडून होणार नाही त्याने अळ्या धरूच नयेत, कोरडे दाणे घालावेत. माशावर रहम करताना शेजाऱ्याचा हक मारला जाऊ नये.