जुन्या ट्रंका, ३ नग

सिनेमाच्या अकाउंट्स ऑफिसात लागलो तेव्हा गावाकडे सगळ्यांना वाटलं, मी आता हिरोइनींच्या शेजारी बसणार. प्रत्यक्षात मी अंधेरीतल्या एका वन बीएचकेच्या बेडरूममध्ये व्हाउचरांच्या ढिगाशेजारी बसायचो. रोज रात्री शूटिंगवरून एक कापडी पिशवी यायची. तिच्यात चहाची, बर्फाची, रिक्षाची, खिळ्यांची कच्ची बिलं. एखादं तर सिगरेटच्या पाकिटावर लिहिलेलं. ती वेगळी करायची, कागदावर चिकटवायची, टॅलीत चढवायची.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ९,८०० आणि ९,९०० ची व्हाउचरं फार आहेत. कारण आयकराच्या कायद्यात आहे. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च धरला जात नाही. म्हणून १८,००० चा घोडा कागदावर दोन दिवस येतो. आमच्या हेड अकाउंटंटना सगळे काका म्हणायचे. मी विचारलं, "काका, घोडा तर एकाच दिवशी आला होता ना?"

"बाळा, आपण बातम्या लिहीत नाही. आपण हिशोब बसवतो."

मी मनातल्या मनात त्यांना खोटारडे ठरवून टाकलं. माझी वेळ यायची होती.

महिन्याभराने एक स्पॉट दादा ऑफिसात आला. आईचं ऑपरेशन होतं. त्याचे कामाचे दिवस भरले होते, पण पैसे नव्वद दिवसांनी मिळणार. मालिकांमध्ये ही पद्धत जुनीच, आमच्या निर्मात्याने ती सिनेमालाही लावलेली. उचल द्यायची तर त्याची सही हवी, आणि तो परदेशात, फोन उचलेना. काका रजेवर. पेटी कॅशची किल्ली माझ्याकडे. मी व्हाउचर लिहिलं: 'जुन्या लोखंडी ट्रंका, ३ नग, खरेदी, ७,५००.' रेव्हेन्यू स्टॅम्प लावला आणि त्यावर दादाची सही घेतली.

तुम्ही काय केलं असतं?

लोकलमध्ये मला राजा हरिश्चंद्र आठवत राहिला. आपल्या सिनेमाची सुरुवातच त्याच्यापासून. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यासाठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, युनिटचा स्वयंपाक केला. (त्या स्वयंपाकाचं व्हाउचर कुणी केलं नसणार.) सत्यवचनी राजाची गोष्ट, पण मला त्यातला स्मशानातला प्रसंगच छळतो. हरिश्चंद्र डोंबाकडे नोकर आहे. तारामती मेलेल्या मुलाला घेऊन येते आणि तो तिच्याकडे कर मागतो. स्वतःच्या बायकोकडे, स्वतःच्या मुलाच्या चितेसाठी. लहानपणी मला तो दगड वाटायचा. अकाउंट्समध्ये बसल्यावर कळलं, तो कॅशिअर आहे. कर मालकाचा आहे आणि मालकाच्या पैशातून दया दाखवायचा हक्क नोकराला नाही, एवढंच तो म्हणतोय.

पण माझं प्रकरण त्यात बसत नव्हतं. स्मशानाचा कर डोंबाचाच होता. दादाचे साडेसात हजार निर्मात्याचे होते का? काम होऊन गेलेलं. नव्वद दिवस थांबणारा माणूस निर्मात्याला बिनव्याजी कर्ज देत असतो, फक्त ते कर्ज म्हणून कुठे लिहिलेलं नसतं. म्हणजे ज्याचा पैसा त्यालाच मी दिला. या युक्तिवादावर मी दोन महिने निवांत होतो.

मग नव्वद दिवस भरले. दादाचं पेमेंट त्याच्या बँकेत गेलं, पूर्ण. कापायला जागाच नव्हती. वहीप्रमाणे त्याने उचल घेतलेली नव्हती, ट्रंका विकल्या होत्या! मी त्याला जिन्यात गाठून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने पाचशेच्या पंधरा नोटा माझ्या हातावर मोजल्या. पावती मागितली नाही. मागितली असती तर मी देऊ शकलो नसतो.

घरी जाताना ते जाणवलं. समजा मी उद्या म्हणालो असतो, 'तू दिलेच नाहीस', तर त्याच्याकडे काय होतं? घेतल्याचा खरा कागद नाही, दिल्याचा नाही. मी निर्मात्याला फसवलं की नाही, यावर वाद घालता येईल. दादाला मात्र मी पूर्णपणे माझ्या भल्याबुऱ्या नियतीवर सोडलं होतं, तेही मदत म्हणून. आणि उद्या माझी नोकरी गेली असती, तर ट्रंका कुठे आहेत हे लोकांनी त्यालाच विचारलं असतं. सही त्याची होती.

शेवटी काकांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ड्रॉवरमधून एक शंभर पानी वही काढली. लाइटमन, मेकअप दादा, ड्रायव्हर, प्रत्येकाचं नाव, तारीख, रक्कम, परत आले की टिक. काकांच्या स्वतःच्या खिशातले पैसे. "मला फोन करायचास," एवढंच म्हणाले. त्या वहीत घोडा नक्की एकाच दिवशी आला असता. मालकासाठी हवं तसं लिहिणारा हा माणूस स्वतःच्या पैशाचा हिशोब इतका चोख का ठेवतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर काकांना खोटारडं म्हणणं सोपं गेलं असतं, किंवा चांगलं म्हणणं.

राहिले माझ्या ड्रॉवरमधले ७,५००, जे कुठल्याच वहीत नव्हते. ते परत कॅशमध्ये घालायलाही कागद लागतोच. शूटिंग संपून सेटवरचं सामान विकायला निघालं, तेव्हा मी आणखी एक व्हाउचर लिहिलं: 'जुन्या ट्रंका, ३ नग, विक्री, ७,५००.'

काकांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं.

"सेकंडहँड ट्रंका, चाळीस दिवस शूटिंगला वापरून, घेतल्या त्याच भावाला विकल्यास?"

आणि सही केली.