सापडलेली चित्रफीत आणि गाळलेले कारण
दिबाकर बॅनर्जी यांचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ (२०१०) हा तीन कथांचा हिंदी चित्रपट पात्रांच्या हातातील कॅमेरा, दुकानातील टेहळणीचा कॅमेरा आणि छुपे चित्रण यांतून उलगडतो. रूढ अर्थाने तो भयपट नव्हे. तथापि, पहिल्या कथेतील पळून गेलेल्या जोडप्याची मुलीच्या घरच्यांकडून होणारी हत्या ‘फाउंड फुटेज’ भयपटाच्याच रीतीने समोर येते. चित्रफीत जशी सापडली तशी दाखवली आहे, असा या रीतीचा दावा असतो. समीक्षेने तिच्या या ओबडधोबड रूपाची वाखाणणी केली. परंतु रूपाचे ओबडधोबडपण हीच सत्याची खूण मानता येईल काय?

अभिनवगुप्तांच्या विवेचनात ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरिणाचे भय स्थळकाळाच्या विशेषांतून मुक्त होते, म्हणूनच ते आस्वाद्य ठरते. हेच साधारणीकरण. सापडलेली चित्रफीत नेमके उलटे सांगते: हे भय कुणाचेही नाही, या माणसाचे, या रात्रीचे आहे. विशेष पुसला, तर तिचा दावाच संपतो.

येथे तो पुसला गेला. परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे नायकाच्या जातीचा उल्लेख गाळावा लागला. हत्या उरली, तिचे कारण गेले. ‘संपादन न केलेल्या’ चित्रफितीतील सर्वांत महत्त्वाचे संपादन प्रेक्षकाला दिसतच नाही. हे साधारणीकरण नव्हे. ते केवळ विस्मरण आहे. रसप्रक्रियेत विशेष ओलांडला जातो, येथे तो दडपला गेला. अशा वेळी केवळ शैलीवर थांबणारी समीक्षा नकळत कात्रीचेच काम पुढे नेते.

मराठवाड्यातील वाचकाला हा भेद पोथीतून शिकावा लागत नाही. १९७८ च्या नामांतरविरोधी हिंसाचारात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ती लोकांच्या स्मरणात टिकली ती नाव, गाव आणि कारण यांसह. चित्रफितीच्या आधारावर नव्हे. उलट, हत्या डोळ्यांदेखत घडताना पाहूनही ती का घडली हे न कळणारा प्रेक्षक साक्षीदार ठरत नाही. तो बघ्याच राहतो.

म्हणून अशा कलाकृतीपुढे समीक्षेचा पहिला प्रश्न ‘हे किती खरे वाटते?’ हा नसावा. ‘हे खरे वाटावे म्हणून काय गाळले गेले?’ हा असावा. भय दाखवणे ही कलेची क्षमता आहे. त्या भयाला कारण परत मिळवून देणे ही समीक्षेची नैतिक जबाबदारी आहे.