रिकामी दिसणारी जागा

शनिवारी संध्याकाळी पवना धरणाच्या काठाने गेलं, की पाण्याच्या कडेने तंबूंच्या रांगा लागतात. एकाला एक खेटून. मध्ये स्पीकर, कडेला शेगडीवर भाजलं जाणारं चिकन, झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा. पुण्या-मुंबईची माणसं आठवड्याचा गोंगाट उतरवायला येतात आणि मध्यरात्रीपर्यंत शेजारच्या तंबूतली गाणी ऐकत पडून राहतात. त्यातल्या काहींना मग पुढच्या खेपेला दुसरं काहीतरी हवं असतं. जिथे बुकिंग नाही, वीज नाही, दुसरा तंबू नाही अशी जागा. या इच्छेत गैर काहीच नाही. काळोख आणि शांतता शहरातल्या माणसाला आता खरोखरच दुर्मीळ झाली आहे.

शोध बहुधा मोबाइलवर सुरू होतो. उपग्रहाच्या नकाशात घर नसलेला, सपाट, पाण्याजवळचा तुकडा हेरायचा आणि तिथे खूण करून ठेवायची. नकाशात तो तुकडा रिकामा दिसतो. सह्याद्रीत मात्र सपाटी आणि पाणी या दोनच गोष्टींची टंचाई असते, आणि जिथे त्या असतात तिथे कुणीतरी आधीपासून वस्तीला असतंच.

पाण्याचं पाहा. या कातळाच्या डोंगरावर पाऊस कोसळतो आणि तितक्याच वेगाने खाली निघून जातो. दिवाळीनंतर ओढे आटू लागतात. मार्च-एप्रिलपर्यंत उरतात ती गडावरची कोरीव टाकी, एखादा झरा, ओढ्यातला एखादा डोह. हाच डोह भेकराला, रानडुकराला, बिबट्याला ठाऊक असतो. दिवसभर झुडपात दडलेलं जनावर अंधार पडल्यावर पाण्यावर येतं. तिथे टॉर्चचे झोत आणि गप्पा चालू असतील, तर ते लांबूनच परत फिरतं. तंबूतल्या माणसांना हे कळतही नाही. रान किती शांत आहे, असंच त्यांना वाटत राहतं. म्हणून जाणती मंडळी पाणी भरून घेतात आणि निदान साठ मीटर, जमल्यास त्याहून लांब, मुक्कामाला जातात. शौचासाठीही तेवढंच अंतर राखतात आणि सोबत आणलेल्या खुरप्याने वीतभर खड्डा करतात. दोनशे रुपयांचं खुरपं दहा हजारांच्या तंबूइतकंच गरजेचं आहे, हे विक्रेत्यानेच सांगायला हवं.

सपाटीची गोष्ट अधिक नाजूक आहे. डोंगरमाथ्यावरचे सडे उन्हाळ्यात उघडेबोडके, निर्जीव वाटतात. पाऊस पडला, की त्याच कातळावरच्या बोटभर मातीत तेरडे, सीतेची आसवं, कीटकभक्षी दवबिंदू उगवतात, फुलतात आणि दोन-चार महिन्यांत बी टाकून संपतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे तंबू पसरला, तर त्याखाली त्या वर्षीचं बीच चिरडलं जातं.

कायद्याचीही बाजू आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर 1986पासून अभयारण्य आहे, आणि 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्यात आग लावायला मनाई करतो. फेब्रुवारीनंतरच्या वाळल्या गवतात एका ठिणगीने वणवा लागतो, तेव्हा ही मनाई किती शहाणपणाची आहे ते दिसतं.

नॉर्वेत 1957च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही मुक्कामाचा हक्क दिला आहे. घरापासून दीडशे मीटर लांब राहा, दोन दिवसांपेक्षा जास्त थांबायचं तर मालकाला विचारा. सुंदर कायदा आहे. पण त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या सुमारे 55 लाख, तर एकट्या मुंबईची 2011च्या जनगणनेत 1 कोटी 24 लाख. तिथला हक्क इथे जसाच्या तसा उतरणार नाही. इथे आधी विचारावंच लागेल.

विचारायचं कुणाला? गावाला. पाचनई, साम्रद, पुरुषवाडी या अकोले तालुक्यातल्या गावांत कोणता ओढा कधी आटतो, देवराई कुठे आहे आणि तिथली काटकीही का उचलायची नाही, हे घराघरात माहीत असतं. सापडलेली जागा गुप्त ठेवावी, असं अनेक जुने ट्रेकर म्हणतात. त्यांची भीती खरी आहे. भिऱ्याजवळच्या देवकुंडाला प्रसिद्धीबरोबर गर्दी आली, आणि बुडून मृत्यूही झाले. तरीही सगळंच लपवणं न्याय्य वाटत नाही. सांदण दरीला लोक येऊ लागले, त्यातून साम्रदमधल्या घरांना वाटाड्याचं काम आणि पिठलं-भाकरीचे पैसे मिळू लागले. म्हणून सांगायचं तर गावाचं नाव सांगावं, डोहाचा नेमका पिन पाठवू नये. येणारा मग गावातून येईल, कुणाशी तरी बोलून पुढे जाईल.

एकांतातल्या मुक्कामाची याहून जुनी रीत महाराष्ट्रात आहेच. दिवाळीनंतर मेंढपाळ धनगरांचे वाडे घोड्यावर बिऱ्हाड लादून देशावरून कोकणाकडे निघतात. वाटेत पालं पडतात ती शेतकऱ्याशी बोलणं झाल्यावर. रात्रभर मेंढ्या शेतात बसतात, लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं, आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देतो. मुक्काम करणाऱ्यालाच मोबदला मिळावा, अशी ही राहुटी. पुढच्या वर्षी त्याच शेतात त्यांना पुन्हा बोलावणं येतं.

शहरी तंबूवाल्याकडे मेंढ्या नाहीत. तो जमिनीला काही देऊ शकत नाही. फार तर काही न ठेवता निघू शकतो. तेही वाटतं त्यापेक्षा अवघड असतं, कारण कचरा उचलल्यावरही चूल मागे राहते. काळे पडलेले तीन दगड दिसले, की पुढचा गट तिथेच थांबतो, चौथा दगड लावतो, शेजारची फांदी तोडतो, आणि दोन हंगामांत त्या जागेवर गवत येईनासं होतं. म्हणून काही गट चूल मांडतच नाहीत, छोट्या गॅसच्या शेगडीवर चहा करतात. आणि दुसऱ्या कुणाची चूल दिसली, तर सकाळी निघण्याआधी राख पूर्ण गार झाल्याची हाताने खात्री करतात, ते दगड उचलून वेगवेगळ्या दिशांना नेतात आणि काजळी धरलेली बाजू मातीकडे करून ठेवतात.