शोकग्रस्तास बोलते करावे काय?

ज्याजवर अकस्मात संकट कोसळले, त्याजकडून घडलेली हकीकत वदवून घेणे हा परोपकार होय काय? पुष्कळांस वाटते की, दुःख बोलून टाकले म्हणजे मन मोकळे होते. १९८३ साली अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी आग विझविणाऱ्या व अशाच इतर संकटसेवकांकरिता या धर्तीची पद्धत मांडली. पुढे ती संकटग्रस्त जनांसही लावण्यात आली. परंतु तिची कसून परीक्षा होता असे दिसून आले की, एकाच बैठकीत सर्व वदवून घेतल्याने पुढील मनोविकार टळत नाही. कित्येकांची जखम उलट चिघळते. यास्तव जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत तीन कामे सांगितली: पाहा, ऐका, जोडून द्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीखाली गेली. अशा वेळी पडक्या घरापुढे बसलेल्या बापास प्रथम पाणी, पांघरूण व लेकरांची खबर हवी. आपले प्रश्न नकोत.

आमच्या मते दुःख ही दुःखिताची ठेव आहे; ती उघडण्याचा अधिकार त्याचाच. आपण जवळ बसावे, तो बोलेल तितके ऐकावे. मात्र न विचारणे म्हणजे सोडून जाणे नव्हे. महिना लोटूनही झोप व कामधंदा सुटलेलाच असेल, तर त्यास मनोवैद्याकडे न्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्याच दिवशी न्यावे, व तोवर एकटे ठेवू नये.