उत्पन्नाचा दाखला आणि सत्यधर्म

महाविद्यालयीन प्रवेशांचा हंगाम सुरू झाला, की भिवंडीच्या तहसील कचेरीकडे आणि सेतू केंद्रांकडे यंत्रमागांच्या वस्त्यांतून माणसांची रीघ लागते. शिधापत्रिका आणि अर्ज हाती घेऊन तिष्ठणाऱ्या आईबापांना जे सिद्ध करून द्यावयाचे असते ते एवढेच, की आपल्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणशुल्क शिष्यवृत्तीला ही मर्यादा ८ लाख रुपयांची आहे, तर अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची. वरवर पाहता हा निव्वळ महसुली व्यवहार होय. परंतु आपल्या घराची मिळकत परक्यापुढे उघडी करून तिच्या आधारावर अपत्यासाठी काही मागणे, या कृतीत सत्य, अस्तेय आणि आत्मसन्मान या तिन्हींची कसोटी लागत असल्यामुळे, तिचा विचार धर्मविचार म्हणूनच व्हावयास हवा.

प्रथम प्रश्न उभा राहतो तो प्रमाणाचा. नोकरदाराजवळ फॉर्म १६ असतो, व्यापाऱ्याजवळ आयकर विवरणपत्र असते. परंतु ज्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते, रोखीने हातात पडते आणि वीज गेली, सूत महागले किंवा बाजार मंदावला की थांबते, त्या माग कामगाराची कमाई कोणत्याच दप्तरात रुजू झालेली नसते. तलाठ्याचा चौकशी अहवाल आणि कामगाराचे स्वतःचे स्वयंघोषणापत्र, एवढाच त्याचा पुरावा. याउलट एकच धंदा पत्नीच्या, भावाच्या, मुलाच्या नावे विभागून दाखविणाऱ्या मालकाचे विवरणपत्र आकड्यांनी निर्दोष असू शकते. कारण आयकराचा कायदा मुख्यतः व्यक्तीकडे पाहतो आणि शिष्यवृत्ती पाहते ती कुटुंबाकडे, आणि या दोन दृष्टींमध्ये जी फट राहते तीतून असत्याला वाट मिळते. आपल्या नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले खरे, पण ते आप्ताच्या शब्दाला. ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. उत्पन्नाचा दाखला हे अखेर शब्दप्रमाणच आहे. तहसीलदाराच्या सहीने त्याला अधिकार मिळतो, सत्यता मिळते ती अर्जदाराच्या आप्तत्वातून.

विद्येच्या दाराशी कुटुंबाविषयी सत्य सांगण्याचा हा प्रसंग आपल्या परंपरेला नवा नाही. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाला गुरूने गोत्र विचारले, तेव्हा त्याने आईचे शब्द जसेच्या तसे निवेदन केले: तारुण्यात अनेकांच्या सेवेत वावरत असता तिला हा पुत्र झाला, त्याचे गोत्र तिला ठाऊक नाही, तिचे नाव जबाला आणि त्याचे सत्यकाम. हारिद्रुमत गौतमाने त्याला स्वीकारले, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता. गौतमाच्या उत्तरात त्या काळच्या वर्णकल्पनेची छाया आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि या कथेतील खरी थोरवी मला जबालेची वाटते. लज्जास्पद ठरू शकणारे सत्य तिने मुलापासून लपविले नाही आणि सोयीचे गोत्र रचून त्याच्या हाती दिले नाही. मुलाच्या पहिल्या पाथेयात असत्य असू नये, ही तिची निष्ठा अर्जावर सही करणाऱ्या प्रत्येक पालकाने आपली म्हणावी अशी आहे.

यावर असे म्हटले जाते, की शुल्के भरमसाट वाढली आहेत, सरकारी खजिना अफाट आहे आणि आकडा थोडा खाली दाखविल्याने कोणाचे काही जात नाही. परंतु जाते, आणि ज्याचे जाते तो समोर दिसत नाही, एवढेच. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्यांतील एक जागा खोट्या दाखल्याने घेतली, म्हणजे एका अनोळखी मुलाची जागा घेतली. हेच अस्तेयव्रताचे उल्लंघन. भिवंडीतील मोमीन-अन्सारी समाजाला हा विवेक इस्लाममधील जकातीच्या नियमांतून परिचित आहे: निसाबाहून, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेहून, अधिक धन ज्याच्यापाशी आहे त्याने द्यावयाचे असते, गरिबाचा वाटा त्याने गरीब म्हणून उचलू नये. कुराणात अशा गरजवंतांचा गौरवही आहे, जे संकोचामुळे हात पसरत नाहीत आणि अजाण माणसाला संपन्न भासतात.

या संकोची गरजवंताचे स्मरण झाले, की सत्यधर्माची दुसरी बाजू पुढे येते. सत्य सांगणे हे अर्जदाराचे कर्तव्य असेल, तर ते आदराने ऐकून घेणे हे राज्याचे कर्तव्य आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. या थोर उदाहरणांनी विद्यादान हे राजधर्माचे अंग ठरविले. म्हणून शिष्यवृत्ती ही भिक्षा नव्हे, आणि ती मागणारा याचक नव्हे. कागद नसणे म्हणजे असत्य बोलणे, असे मानणारी कचेरी दारिद्र्यालाच गुन्हा ठरविते. आणि ज्याच्या मजुरीची नोंद ठेवण्याची दक्षता ना मालकाने घेतली ना शासनाने, त्याच्याकडेच त्या नोंदीचा तगादा लावणे हा उघड अन्याय होय.

तेव्हा सत्याचा भार दोघांनीही वाहिला पाहिजे. ज्याच्यापाशी कागद आहेत त्याने ते कुटुंबाचे खरे चित्र दाखवतील असेच मांडावेत. ज्याच्यापाशी ते नाहीत त्याच्या शब्दाची चौकशी जरूर व्हावी, पण ती त्याच्या मजुरीचा वार बुडवून आणि मान खाली घालावयास लावून होऊ नये. चार वर्षांच्या शिक्षणाने मुलगा अभियंता होईल किंवा मुलगी डॉक्टरकीच्या वाटेला लागेल. पण त्या शिक्षणाचा पहिला धडा त्यांना आईबापांनी अर्जात लिहिलेल्या आकड्यातून मिळतो, आणि तो आकडा खरा असेल तरच पुढील विद्येला विद्या म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहील.