दीड मिलिमीटरचा फरक

जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये एक लहानशी स्प्रिंग होती आणि तिच्या जोडीला एक बारीक दांडा. चालू गाडीत किल्ली जागच्या जागी धरून ठेवायची, एवढंच या जोडीचं काम. दांडा आखूड पडल्यामुळे पकड सैल राहिली. किल्लीला जड जुडगा लटकत असला, चालकाचा गुडघा लागला किंवा गाडीला जोराचा धक्का बसला, की किल्ली घसरून ‘ॲक्सेसरी’वर यायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं, पॉवर स्टिअरिंग जायचं, आणि एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचा वीजपुरवठाही तुटायचा. म्हणजे ज्या बिघाडामुळे अपघात होणार, त्याच बिघाडामुळे अपघातातून वाचवणारं साधनही मुकं होणार. 2014 मध्ये कंपनीनं या दोषापायी जगभरातून सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. नुकसानभरपाईसाठी नेमलेले वकील केनेथ फाइनबर्ग यांनी पुढे 124 मृत्यूंचे दावे ग्राह्य धरले. कंपनी सुरुवातीला 13 मृत्यू मान्य करत होती.

दोष कुठे होता, हे कळलं. पण जबाबदार कोण? इथे मी एका कल्पित अभियंत्याशी बोलतो आहे. तो चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो असं समजू. माणूस प्रामाणिक आहे, पण त्याला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. तो म्हणतो, “कोणत्याही गाडीत शंभर टक्के सुरक्षितता नसते. आम्ही रोज डेव्हिएशनवर सह्या करतो. भाग मापात थोडा कमी-जास्त असतो, लाइन थांबवली तर लाखोंचं नुकसान होतं, आणि दहातल्या नऊ वेळा काहीही बिघडत नाही. मर्यादा कुठेतरी आखावीच लागते. तुम्ही नंतर येऊन म्हणता, ही मर्यादा चुकली.”

तुमचं पहिलं म्हणणं मला मान्य आहे. मर्यादा आखावी लागते आणि ती आखताना पैशाचा हिशेब करणं हा गुन्हा नाही. पण या प्रकरणात मर्यादा बाहेरच्या कुणी लादलेली नव्हती. किल्ली फिरवायला किमान किती जोर लागायला हवा, हे जनरल मोटर्सनं स्वतःच ठरवलं होतं. स्विच बनवणाऱ्या डेल्फाय कंपनीच्या चाचण्यांत तो जोर कमी भरत होता, आणि 2002 मध्ये पीपॅपच्या, म्हणजे सुट्या भागाला उत्पादनाआधी द्यायच्या मंजुरीच्या वेळी, तो तसाच मंजूर झाला. गाड्या बाजारात आल्यावर त्या चालता-चालता बंद पडतात अशा तक्रारी आल्या. 2005 मध्ये उपायांवर चर्चा झाली आणि धंद्याच्या हिशेबात एकही उपाय बसत नाही म्हणून विषय बंद झाला. विक्रेत्यांना सूचना गेली की ग्राहकांना जुडग्यातल्या जादा वस्तू काढायला सांगा. हा खरोखरच हिशेब होता असं समजलं, तरी हिशेबाची एक बाजू कोरी होती. स्विच बदलण्याचा खर्च मांडला होता. किल्ली घसरल्यावर एअरबॅगचं काय होतं, हा रकाना कुणी भरलाच नव्हता. धोका तोलून तो पत्करायचं ठरवणं वेगळं आणि तो मोजायचाच नाही हे वेगळं. तुम्ही पहिल्याचं समर्थन करता आहात, घडलं ते दुसरं.

अभियंता इथे थांबत नाही, आणि त्याचा पुढचा मुद्दा जास्त वजनदार आहे. “रकाना भरला नाही, कारण तो कुणाला दिसलाच नाही. स्विच बनवणाऱ्याला एअरबॅगचं वायरिंग माहीत नव्हतं. एअरबॅगवाल्याला स्विचची कटकट ठाऊक नव्हती. वकिलांकडे दाव्यांच्या फायली होत्या, अभियांत्रिकी नव्हती. एकाही माणसाला पूर्ण चित्र माहीत नसताना तुम्ही कुणाला दोषी धरणार? आणि माणूस सापडत नसेल तर ‘कंपनीला ठाऊक होतं’ या वाक्याला अर्थ काय?”

माझ्या मते या प्रकरणातला खरा पेच हाच आहे. गाडी बंद पडणं ही ‘ग्राहकाची गैरसोय’ अशा वर्गात नोंदली गेली, आणि एकदा त्या वर्गात गेल्यावर ती सुरक्षिततेच्या समितीपुढे तातडीनं जाण्याचं कारणच उरलं नाही. कंपनीतला प्रत्येक जण आपल्यापुरता बरोबर वागत होता असंही म्हणता येईल. कंपनीनं चौकशीसाठी नेमलेले माजी सरकारी वकील अँटन वालुकस यांच्या 2014 च्या अहवालात बैठकांतल्या एका सवयीचं वर्णन आहे: सगळे मान डोलावतात, योजना ठरते, आणि खोलीबाहेर पडल्यावर ती कुणाचीच नसते. पण ज्ञान असं विखुरलेलं राहिलं ते काही निसर्गनियमानं नव्हे. कोणती तक्रार कोणत्या टेबलावर जाईल, कोणाला कोणती फाइल दिसेल, हे कंपनीनंच ठरवलेलं असतं. स्वतः घातलेल्या भिंतींचा आडोसा घेऊन ‘आम्हाला पलीकडचं दिसलं नाही’ असं म्हणण्याचा हक्क तिला पोचत नाही. कंपनीची जबाबदारी म्हणजे तिच्या माणसांच्या चुकांची बेरीज नव्हे. तुकडे एकत्र येतील अशी वाट ठेवणं, हे तिचं स्वतंत्र कर्तव्य आहे, आणि ते मोडल्याबद्दल तिला स्वतंत्रपणे जाब विचारता येतो.

आणि तुकडे जुळवणं अशक्य होतं का? 2007 मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या एका पोलिसानं एका कोबाल्टच्या अपघाताचा अहवाल लिहिला. किल्ली ‘ॲक्सेसरी’वर होती आणि एअरबॅग उघडली नव्हती, हे दोन्ही त्याला दिसलं. विक्रेत्यांना पाठवलेली ती जुनी सूचना त्यानं शोधून काढली आणि दोन्हींचा संबंध जोडला. ना प्रयोगशाळा, ना गाडीचे आराखडे. तो अहवाल कंपनीच्या फायलींमध्ये आला आणि पडून राहिला. कायद्यानं लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी महामार्ग सुरक्षा प्रशासनालाही त्या वर्षी तपास सुरू करावा असं वाटलं नाही. दोष एकट्या कंपनीच्या दारात नाही, हेही म्हटलं पाहिजे. पण बाहेरच्या पोलिसाला जे जमलं, ते हजारो अभियंते असलेल्या संस्थेला जमलं नाही. मग अडचण बुद्धीची किंवा माहितीची होती असं म्हणता येत नाही.

“तरीही,” अभियंता म्हणतो, “ही बेफिकिरी झाली. बेफिकिरी म्हणजे कपट नव्हे.”

मग स्विचकडे पुन्हा बघू. 2006 मध्ये डेल्फायनं जास्त लांब दांडा आणि स्प्रिंग असलेला सुधारित स्विच द्यायला सुरुवात केली. बदलाला जनरल मोटर्सच्या डिझाइन अभियंत्याची मंजुरी होती. भागाचा क्रमांक मात्र जुनाच राहिला. तुमच्या धंद्यात याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सदोष आणि निर्दोष स्विच कागदावर एकच झाले. पुढे कंपनीच्याच तपासनिसांना कोडं पडलं, की अलीकडच्या गाड्यांमध्ये हा त्रास का नाही, कारण नोंदीप्रमाणे स्विच तर बदललाच नव्हता. उत्तर मिळालं ते जॉर्जियातल्या एका मृत तरुणीच्या आईवडिलांनी लावलेल्या खटल्यात. त्यांच्या तज्ज्ञानं बाजारातून नवा स्विच आणला, दोन्ही खोलून शेजारी ठेवले आणि दांड्यातला सुमारे दीड मिलिमीटरचा फरक पकडला. भागात बदल केला तर क्रमांक बदलायचा, हा नियम भोसरीतला शिकाऊ कामगारही पहिल्या महिन्यात शिकतो. तो मोडण्यामागे काय हेतू होता हे मी ठरवत नाही. पण ज्याला दुरुस्ती हवीशी वाटली, त्याला आधीचं काहीतरी चुकीचं आहे हे ठाऊक होतं. रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांमध्ये तेच चुकीचं तसंच राहिलं. इथे बेफिकिरी हा शब्द तोकडा पडतो.

कंपनीनं 15 जणांना काढलं. 2015 मध्ये 90 कोटी डॉलर भरून फौजदारी खटला लांबणीवर टाकण्याचा करार झाला. एकाही व्यक्तीवर खटला चालला नाही. 2009 च्या दिवाळखोरीतून जन्मलेल्या ‘नव्या’ कंपनीनं ‘जुन्या’ कंपनीच्या पापांचं ओझं आपल्यावर नाही असाही पवित्रा घेतला होता. 2016 मध्ये अपील न्यायालयानं तो बराचसा नाकारला, कारण गाडीमालकांना दोषाची खबरच दिली गेली नव्हती. यावर अभियंता कडवटपणे म्हणतो, “म्हणजे दंड भागधारकांनी भरला, नोकऱ्या काही जणांच्या गेल्या. आता तुम्ही सही करणाऱ्याला धरा म्हणाल. मग उद्या चाकणमध्ये कुणी सहीच करणार नाही.”

ही भीती खरी आहे. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हे चांगलं झालं, पण ते गाडी रस्त्यावर आल्यानंतरचं. मला हवं आहे ते त्याआधीचं. ज्यानं डेव्हिएशनवर सही केली, त्याच्याकडे त्या भागाशी संबंधित प्रत्येक तक्रार आणि अपघाताचा अहवाल पुढची काही वर्षं आपोआप यावा, आणि तो वाचून शंका आली तर त्याला वरिष्ठाला वगळून थेट सुरक्षा समितीकडे जाता यावं. यात शिक्षा नाही. आपल्या सहीचं पुढे काय झालं, हे कळण्याची सोय आहे. तुम्ही म्हणता सह्या कमी होतील. काही होतीलच. ज्या सहीमागचा माणूस पुढचे अहवाल वाचायला तयार नाही, ती सही आज कोणत्या भरवशावर होते आहे, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.