झाडाखाली बसलेली सीता



हे त्या ताईंना विचारूनच लिहीत आहोत. यजमान गेल्यावर तीन महिने त्या सत्संगाला आल्या नाहीत, फोनही घेईनात. म्हणून आम्ही चौघीजणी त्यांच्या दांडिया बाजारातल्या घरी गेलो. त्यांना जरा बाहेर काढायचंच, असं ठरवून.

त्यांच्या बैठकीत राजा रवि वर्मांच्या अशोकवनातल्या सीतेचं जुनं छापील चित्र आहे. आपल्या बडोद्याला रवि वर्मा परके नाहीत. सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून राजवाड्यासाठी पुराणातली चित्रं करून घेतली होती. पुढे १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना निघाला आणि अशी चित्रं साध्यासुध्या घरांतही लागली.

सीता झाडाखाली बसलीय. हात गालाशी, नजर खाली. हातात माळ नाही, समोर पूजा नाही. आमच्यातली एक म्हणाली, "बिचारी, किती चिंता करतेय." दुसरी म्हणाली, "चिंता कसली? रामाचं चिंतन चाललंय." तेव्हा घरच्या ताई पहिल्यांदा बोलल्या, "बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं हो."

आम्ही गप्पच झालो. चहा यायच्या आधीच "चला, भजनात मन रमेल" सुरू केलं होतं ना आम्ही!

घरी येऊन सुंदरकांड पुन्हा वाचलं. हनुमान त्याच झाडावर लपून बसला होता, तरी लगेच खाली उडी मारत नाही. एकदम समोर गेलो तर ही घाबरेल, मला रावणच समजेल, असा विचार करतो. मग हळू आवाजात आधी रामाची कथा सांगू लागतो. पुढे पाठीवर बसवून नेतो म्हणाला, तर सीतेने नाही म्हटलं. म्हणजे तिचं बसणं नुसतं हतबल नव्हतं.

पण म्हणून बसलेल्या माणसाला बसू द्यावं, इतकं ते सोपं आहे का? हनुमान बोलायच्या जरा आधीच सीतेला जीव नकोसा झाला होता, वाल्मीकींनी तेही लिहिलंय. तो आणखी थांबला असता तर? तो थांबला खरा, पण झाडावरून हलला नाही आणि नजरही काढली नाही. आम्ही मात्र तीन महिने फोन लागत नाही म्हणून स्वस्थ होतो, आणि गेलो ते एकदम हात धरून उठवायला. दोन्हीकडे चुकलोच की!

पुढच्या गुरुवारी दोघीच गेलो. सत्संगाचा विषय काढला नाही. त्यांच्या यजमानांच्या आठवणी काढल्या, ते तबला किती छान वाजवायचे वगैरे. ताई एकदम म्हणाल्या, "तबला नाही हो, पखवाज!" आणि मग तासभर त्याच बोलत होत्या.

सत्संगाला त्या अजून येत नाहीत. आम्ही गुरुवारी जातो.